पेटीला कोड नाही

पोरिरुआ, वेलिंग्टनजवळ

प्रिय अण्णा,

तुम्ही सांगलीचं दुकान रिकामं करताय, हे आईकडून कळलं. पितळी स्वरांचे डबे, भाते, कानशी, सगळं पुढच्या महिन्यात कोल्हापूरचा व्यापारी उचलणार म्हणे. कारण काय, तर कंटाळा आला! अण्णा, एक वेळ तुम्हाला जेवायचा कंटाळा येईल, पण पेटीचा? थापा जरा बेताच्या मारा. आधी माझी इथली हकिगत वाचा आणि मग काय ते ठरवा.

गेल्या हिवाळ्यात मी फार्मसीच्या काउंटरवर असताना एक सामोअन आजी रक्तदाबाच्या गोळ्या न्यायला आल्या. बोलता बोलता म्हणाल्या, आमच्या चर्चचा पायानं वाजवायचा जुना ऑर्गन मुका झालाय. माझ्या तोंडून निघून गेलं, की मी बघते. बघते काय, कपाळ! नाटकवाल्यांचे ऑर्गन तुमच्याकडे दुरुस्तीला यायचे, तेव्हा शेजारी बसून पाहिलं होतं तेवढंच. पण मागचं झाकण काढलं आणि थक्क झाले. आत तेच पितळी स्वर, तशीच ओळीनं मांडणी, आणि भातासुद्धा तसाच उंदरांनी कुरतडलेला! स्वराच्या पात्याखालून कागदाची पट्टी सरकवायची तुमची रीत आठवली. धूळ निघाली, भात्याला नवं कातडं लावलं. रविवारी आजींनी पाय मारले, पहिला सूर निघाला आणि अख्खा हॉल उठून चार वेगवेगळ्या सुरावटींत एकदम गाऊ लागला. हातात पुस्तक नाही, कुणाची खूण नाही. मला डोळे पुसायचंही सुचेना.

मग कामं येतच राहिली. वेलिंग्टनच्या भजनी मंडळाच्या पेट्या, कुणाच्या आजोबांची पेटी. लोक पैसे देऊ लागले, म्हणजे टॅक्स आलाच. इथे प्रत्येक पगाराला कोड असतो, त्यावरून मालक किती कर कापायचा ते ठरवतो. मुख्य नोकरीला एम, त्याशिवायच्या नोकरीला दुय्यम कोड, त्यात कर जास्त कापला जातो. मी बेधडक फार्मसीत कळवलं, की इथला पगार आता दुय्यम धरा. आपल्या घरात पेटी आधी आणि बाकी सगळं मागाहून, एवढंच मला ठाऊक! पगार हातात आला तो चांगलाच कातरून. पगाराचं काम बघणारी बाई पोट धरून हसली आणि मग तिनं नीट समजावलं. कोड मालकासाठी असतो. तुझी नोकरी एकच, तेव्हा तिला एमच. पेटीच्या कामाला मालक नाही, म्हणून त्याला कोडही नाही. काय मिळालं, काय खर्च झाला, ते वर्ष संपलं की तुझं तूच सरकारला सांगायचं, आणि कराचे पैसे आधीपासून बाजूला ठेवायचे. एवढंच? मी पुन्हा पुन्हा विचारलं. एवढंच. अण्णा, एवढं मोठं सरकार, पण सुरुवात माझ्या शब्दापासून करतं! तपासायचं तर मागाहून तपासतील, पण आधी माझं ऐकून घेतात. मला अजून त्याचं नवल वाटतं.

फक्त एक गोष्ट मला येत नाही, ती म्हणजे पातं घासून स्वर लावणं. कानस जरा जास्त चालली की पातं कायमचं गेलं, म्हणून हातच धजत नाही. फार्मसीत दोन महिन्यांची बिनपगारी रजा मागितली होती, ती मंजूर झाली. हे सगळं फोनवर न सांगता लिहून पाठवतेय, कारण आईनं मला खरं काय ते सांगितलंय. वरच्या सप्तकातले स्वर तुम्हाला आता ऐकू येत नाहीत, आणि फोनवर मी काय बोलते तेही. तुम्ही नुसतं बरं, बरं म्हणत राहता. अण्णा, दुकान विकू नका. मी येतेय. वरचे स्वर मी ऐकेन, कानस कुठे आणि किती फिरवायची ते तुम्ही दाखवा.

तुमचीच, आणि आता तुमच्या हाताखालचीही,
इरावती