गोणीला गुडघे नसतात

१२ फेब्रुवारी

प्रिय मामा,

नमस्कार. मामीचा खोकला उतरला का? आई बरी आहे. माझा डबा अजूनही दोघींना पुरेल एवढा भरते आणि वर म्हणते, "वाळलीस."

तुमचा निरोप पोचला. सोमवारपासून कारखाना पुन्हा सुरू होतोय हे ऐकून फार बरं वाटलं. त्याबद्दल लिहितेच; आधी इथलं सांगते.

इस्पितळात मी पेशंटच्या चाकाच्या खुर्च्या ढकलते, त्याही आपल्याच कारखान्यातल्या. पहिल्याच आठवड्यात तुमची शिकवण वापरली: गाडी यायच्या आत तयार माल दारात हवा. एक्स-रेचं यंत्र रिकामं राहू नये म्हणून सकाळीच सहा पेशंट खुर्चीत बसवले आणि व्हरांड्यात रांगेने लावले. ब्रेक लावलेले, पट्टे घट्ट, अगदी तुमच्या पसंतीचं! त्यात एक म्हातारे शिंपी होते. म्हणाले, "पोरी, मी पार्सल आहे का? मग कपाळावर पत्ता तरी चिकटव." सगळे हसले, मीही हसले. पण त्यांचा नंबर येईपर्यंत कंबर धरली आणि ते अडून बसले, "मला खाटेवर ने." त्यांची वेळ गेली ती गेलीच, यंत्र रिकामं. आपल्याकडे एक नग कमी पडला तर फडताळातला काढायचो. इथे फडताळात काय ठेवणार?

दुसऱ्या दिवशी भीत भीत त्यांच्याकडे गेले. "निघूया का, काका?"

"हां, आता माणसाशी बोललीस!"

वाटेत त्यांनीच शिकवलं: वळायच्या आधी सांग, म्हणजे मी सावरून बसतो. लिफ्टपाशी त्यांनी आपणहून पाय उचलले. मामा, अर्धं काम तेच करत होते! लोखंडाने कधी असा हातभार लावला होता? खुर्ची तपासायला आपण तिच्यावर वाळूची गोणी ठेवायचो. गोणीला गुडघे नसतात, हे इतक्या वर्षांत माझ्या डोक्यातच आलं नाही.

आणि इथे हिसका बसला की बसला. लाल खूण करून दुरुस्तीला परत पाठवता येत नाही. म्हणून चाकाचा आवाज जरा बदलला तरी मी थांबते, पाना काढते. तो कान तुम्ही दिलात. मोठ्या सिस्टर विचारतात, "कुणाकडे शिकलीस गं?" मी ऐटीत सांगते, "मामाकडे."

आता टाळत आले ते लिहिते. माझ्यासाठी तुम्ही मालकांपुढे शब्द टाकलात, माझी जागा राखून ठेवलीत. पगारही तिकडेच जास्त. त्यावरून आई माझ्याशी धड बोलत नाहीये. पण मामा, मी परत येणार नाही. आपण केलेल्या खुर्चीत पुढे कोण बसतं, ते मला आता दिसतं. ते सोडून यायला मन होत नाही.

मालक तुम्हाला टोमणे मारतील. माझ्यावर खुशाल ढकला. कारखाना बंद पडताना कामावरून कमी केलेल्या आपल्या वेल्डरच्या बायकोला ती जागा मिळाली तर मला आनंद होईल; कामात तिचा हात माझ्याहून स्थिर आहे.

सोमवारी माझी वाट पाहू नका. शब्द तुमचा मोडला. हात मात्र तुम्ही घडवलेलेच घेऊन रोज कामाला जाते.

तुमचीच,
भाची