साखरपुड्याचा डबा

कोल्हापूर,
१८ नोव्हेंबर २०२४

चि. जगदेव यास अहल्याताईचे अ. उ. आशीर्वाद.

पत्र पाहून कपाळाला आठ्या घालू नकोस. फोन केला की गुजरातीत ‘मजामां’, मजेत, एवढंच म्हणतोस आणि ठेवून देतोस. जन्म बडोद्यात गेला म्हणून सख्ख्या बहिणीलाही तेच उत्तर का?

अवंतीच्या साखरपुड्याचे फोटो आले. मला माझा गुडघा आडवा आला, तुला काय आडवं आलं? सुभानपुऱ्याहून राजवर्धनचं पाणीगेट ते किती लांब! राजवर्धन चुलत असला तरी तुझ्या हाताखाली वाढलेला भाऊ. त्याच्या एकुलत्या एका मुलीचा साखरपुडा, आणि काकाचा पत्ता नाही. तुझ्या शेजारच्या कुसुमावतीबाई सांगत होत्या, सात वाजले की तू दार लावून घेतोस. दारू सोडलेल्यांची ती रविवारची मीटिंगही बंद केलीस म्हणे. अकरा वर्षं झाली रे तुला सोडून! तुझी विमल आज असती तर तिनं तुझी दृष्ट काढली असती. सगळं मार्गी लागल्यावर हे तोंड पाडून बसणं माझ्या डोक्यात शिरत नाही.

फेब्रुवारीत लग्न आहे. तेव्हा ही थेरं चालणार नाहीत. सविस्तर लिही.

रागावलेली, पण माया न आटलेली,
अहल्याताई

सुभानपुरा, बडोदे,
२४ नोव्हेंबर २०२४

ती. अहल्याताईस शि. सा. न. वि. वि.

गुडघा कसा आहे ते लिहिलं नाहीस, माझी झडती मात्र पुरती घेतलीस.

साखरपुड्याला गेलो नाही, कारण मला बोलावलंच नव्हतं. राजवर्धन म्हणाला, घरचीच वीस माणसं आहेत. दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीप्रमाणे डबा आला. श्रीखंड, गार पुऱ्या, बटाट्याची भाजी. फोटोत माणसं दीडशे. अकरा वर्षं हे चाललं आहे, ताई. बारसं असो, मुंज असो, दसरा असो, इथल्या दारूबंदीत परमिटवर पिणारे गच्चीवर बसणार असले की मला निरोप नाही, आणि सकाळी डबा हजर. आपल्या घराण्यातलं प्रत्येक कार्य मी घरात जेवलो आहे, आधी विमलबरोबर, मग एकट्यानं, गॅसवर गरम करून.

दारूची आठवण येते असं समजू नकोस. पीत होतो तेव्हा मला शोधायला चार जण निघायचे. विमल भांडायची, राजवर्धन स्कूटरवर घालून आणायचा. मी सुधारलो आणि सगळे आपापल्या घरी गेले. विमल गेली त्याला चार वर्षं झाली. सातपासून झोप येईपर्यंत मी भिंतीकडे बघतो. मीटिंगमध्ये मला नव्या लोकांसमोर बसवायचे आणि कशी सोडली ते सांगा म्हणायचे. टाळ्या पडायच्या. सोडल्यावर संध्याकाळी काय करता, हे एकानंही विचारलं नाही. कंटाळलो आणि जाणं बंद केलं.

आता ओरडू नकोस. गेल्या आठवड्यात मी दारूच्या परमिटचा फॉर्म आणला. त्या कचेरीत दोन तास रांगेत होतो. तीन अनोळखी माणसं माझ्याशी बोलली. एकानं तर सुनेपासून मुतखड्यापर्यंत सगळं सांगितलं. फार बरं वाटलं. फॉर्म टेबलावर आहे, अजून भरलेला नाही. भरणार नाही अशी खात्री देता येत नाही, म्हणून तुला सांगितलं.

लग्नाला मी येणार नाही. डबा येईलच.

तुझ्या रागाची सवय झालेला,
जगदेव

कोल्हापूर,
३० नोव्हेंबर २०२४

चि. जगदेव यास अ. उ. आशीर्वाद.

आधी तो फॉर्म फाड आणि मग पुढे वाच. माणसं बोलतात म्हणून परमिटच्या रांगेत उभा राहणारा अख्ख्या बडोद्यात तूच असशील. बँकेत पासबुक भरायच्या रांगेत काय मुकी माणसं असतात?

तुझं पत्र वाचून राजवर्धनला फोन लावला आणि चांगलं तोंडसुख घेतलं. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, ताई, शपथ तूच घातली होतीस. तेव्हा मला आठवलं. तू व्यसनमुक्ती केंद्रातून घरी आलास त्या आठवड्यात मी पाणीगेटला सगळ्यांना देवापुढे उभं केलं होतं. जिथे ग्लास निघेल तिथे जगदेवला बोलवायचं नाही, आणि त्याला वाईट वाटू नये म्हणून डबा चुकवायचा नाही. माझ्या मनात सहा महिन्यांचीच गोष्ट होती. पण शपथ घालणाऱ्यानंच ‘सुटली’ म्हणावं लागतं ना आपल्यात? ते म्हणायला मी विसरले. आणि त्या शहाण्यांनी अकरा वर्षं ती पाळली! एकालाही विचारावंसं वाटलं नाही. सगळे मूर्ख, आणि मी त्यांची मुकादम. मीच तुला वाळीत टाकलं आणि वर तुलाच विचारते, तोंड का पाडलंस.

मला रडू आलं. ते तुझ्या दाजींनी पाहिलं, म्हणून त्यांच्यावरही ओरडले.

शपथ सुटली. फोनवरून तीनदा म्हटलं. राजवर्धन रविवारी येईल, त्याला दारातून परत पाठवू नकोस.

तुझी अपराधी,
अहल्याताई

सुभानपुरा, बडोदे,
१० डिसेंबर २०२४

ती. अहल्याताईस शि. सा. न. वि. वि.

राजवर्धन आला. टेबलावरचा फॉर्म त्यानं उचलला. घडी करून खिशात घातला, मीही नेऊ दिला. मग मला पाणीगेटला घेऊन गेला. अवंतीच्या सासरची मंडळी जेवायला होती.

मी गच्चीवर पाऊल ठेवलं आणि चार जणांनी ग्लास पाठीमागे लपवले. मी वैतागून म्हटलं, प्या रे बाबांनो, मी काही पोलीस नाही. त्यानंतर माझ्याशी नुसत्या हवापाण्याच्या गप्पा झाल्या. मीही लिंबू सरबत घेऊन अवघडून बसलो. अवंती मात्र ताट घेऊन शेजारी बसली आणि पुऱ्या फुगलेल्या होत्या. परत आलो तर घर होतं तसंच होतं. एका जेवणानं अकरा वर्षं भरून निघत नाहीत, ताई. पण लग्नाला येईन.

आता माझी तक्रार ऐक. शपथ इतरांनी पाळली म्हणून तू चिडलीस, पण सगळ्यांत कडक तूच पाळलीस. दाजींना संध्याकाळी लागते म्हणून दर खेपेला पाणीगेटला उतरतेस, आणि माझ्याकडे सकाळच्या चहाला, घड्याळ बघत. विमल गेल्यापासून या घरात दुसरं कोणी झोपलेलं नाही.

या खेपेला माझ्याकडे उतर. दाजींनी त्यांचं तिकडे उरकून यावं. मला सांभाळायला येऊ नकोस, राहायला ये. लग्न फेब्रुवारीत आहे हे मला कळतं, पण तुझी गादी मी आजच उन्हात घातली आहे.

वाट पाहणारा,
जगदेव