नॉर्मल म्हणून माझं रक्त

३ फेब्रुवारी १९८६

आल्या! स्लाइड आल्या एकदाच्या! तळपदे मॅडमच्या मैत्रिणीने अमेरिकेहून पाठवल्या — लाइमचे जंतू चिकटवलेल्या. गोचीड चावून होणारा आजार. ताप येतो, सांधे सुजतात. आपल्याकडे आहे की नाही, नक्की कुणालाच ठाऊक नाही. ते आता आमच्या परळच्या लॅबमध्ये कळणार. आणि टेस्ट कोण लावणार? मी!

दादा संपात गिरणी गेल्यापासून हसणंच विसरलेत. आज म्हणाले, "अमेरिकेच्या काचा आन् आमची लेक शैला!"

५ फेब्रुवारी

जंगलखात्यातल्या माणसांची रक्तं आली. पण सोबत निरोगी माणसाचं हवं, नाहीतर ताडून कशाशी बघणार? आमच्याकडची रीतच आहे — 'नॉर्मल' कमी पडलं की आपलीच बाही वर करायची. काचसामान धुणाऱ्या पुतळाबाई मागे सरल्या. "माजं रगत नको गो बाय, आधीच कुठं हाय!" शेवटी मीच दिलं. धडधाकट तर आहे!

१० फेब्रुवारी

पहिली बॅच! आजाऱ्याचं रक्त लावलं की स्लाइडवरचे जंतू हिरवे चमकतात. अंधाऱ्या खोलीत डोळा लावला. जंगलवाले सगळे काळे. एकही नाही! हिरमुसले अगदी. मग नॉर्मलची स्लाइड सरकवली — हिरवे, पिळदार धागे, लखलखीत! माझ्या रक्ताने! किंचाळलेच. मॅडम धावत आल्या. पुन्हा लावली. पुन्हा हिरवं.

"शैला, जंगलात गेली होतीस कधी?"

जंगल कसलं — पण मे महिन्यात लग्न झाल्यावर ह्यांच्या गावी, मंडणगडाकडे, गोठ्याशेजारी झोपलो होतो, तेव्हा मानेला गोचीड चिकटली होती! मॅडमनी टाळीच वाजवली.

११ फेब्रुवारी

मला स्वर्ग दोन बोटं उरलाय. आजारी निघाल्याचा एवढा आनंद कुणाला झाला असेल? सारखी गुडघा दाबून बघते — दुखतोय का? दुखतोय म्हणते मी! मॅडम पेपर लिहिणार. त्यात माझं नाव!

पुतळाबाई हळहळतायत. "मीच दिलं असतं तर मी फेमस झाली असती."

१५ फेब्रुवारी, शनिवार

हे भिवंडीहून आले. संपानंतर तिकडेच यंत्रमागावर असतात, शनिवारचे घरी. हातवारे करकरून सगळं सांगितलं. हसले. मग म्हणाले, "माझं रक्त नको हां तपासायला." गिरणीत राबलेला माणूस, आणि सुईला भितो!

१७ फेब्रुवारी

मॅडम म्हणाल्या, लिहिण्याआधी एक शंका फेडून घेऊ. गरमीचा, म्हणजे सिफिलिसचा, जंतूही असाच पिळदार. ती असलेलं रक्त कधीकधी या स्लाइडवर हिरवं दिसून फसवतं. लाइम असेल तर व्ही.डी.आर.एल., म्हणजे गरमीची चाचणी, कोरी येते. "करायची म्हणून करायची गं."

गरोदर बायकांच्या रोज लावते मी, डोळे मिटूनही जमेल. उद्या माझी लावते नि मोकळी होते. मग पेपर!

१८ फेब्रुवारी

कोरी नाही आली. गुठळ्या धरल्या. दुसरी, खात्रीची चाचणी मॅडमनी स्वतः लावली. तीही तशीच.

"पेनिसिलीनने बरं होतं," म्हणाल्या. "नवऱ्यालाही घेऊन ये."

ह्यांच्याशिवाय मला कुणी शिवलेलं नाही.

शनिवारी आले की दार उघडू का?