चंबू खिडकीतच होणार

चिरंजीव,

दूध तापवून ठेवलंय. मी समोरच्या इमारतीत गेलोय. होय, ज्या बाईंनी तुझ्याकडे माझी तक्रार केली, त्यांच्याचकडे.

माझी छाती कफाने भरली तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं, नाकाने श्वास घ्या आणि ओठांचा चंबू करून सावकाश सोडा. मी आपला खिडकीत बसून सोडत होतो. बाईंना वाटलं, म्हातारा आपल्याला बघून शिट्टी मारतोय. या वयात माझ्यावर एवढा विश्वास कुणी दाखवला नव्हता. तू मात्र "बाबा, लोक काय म्हणतील!" म्हणत मला बाथरूममध्ये पिटाळलंस. तिथल्या ओलीने खोकला वाढला. बादलीने तक्रार केली नाही, एवढाच काय तो फायदा.

आता बस्स. श्वास मी चोरून घेणार नाही.

काल दुकानात बाईंना गाठून चंबूचा खुलासा केला. त्या इतक्या हसल्या की खोकतच सुटल्या. त्यांनाही तेच दुखणं! "मग मलाही शिकवा की," म्हणाल्या. म्हणून निघालोय. बोटाला लावून ऑक्सिजन मोजायचं यंत्र खिशात आहे, दम लागला तर मुकाट परत येईन.

खिडकीची कडी काढून ठेवली आहे, ती लावायची नाही. उद्यापासून दोन्ही खिडक्यांत समोरासमोर चंबू होतील. लोक काही म्हणालेच, तर उत्तर तू दे. आमची तोंडं गुंतलेली असतील.

– बाबा