मौलवीसाहेबांनी मानलेली हार

बा, तुला हे समोर बसून सांगता आलं असतं तर बरं होतं. लिहायचं म्हटलं तर मला अक्षर अजूनही येत नाही. साऱ्या वस्तीच्या हातात तू पाटी दिलीस, आणि आई गेल्यावर माझ्या हातात उलथणं आलं ते काही सुटलं नाही. तेव्हा मी बोलते आणि माझी नात लिहून घेते. ती दवाखान्यात नर्स आहे. तिचं अक्षर डॉक्टरांच्या संगतीनं इतकं बिघडलंय की तू उठून आलास तरी तुला ते लागायचं नाही. एका परीनं बरंच आहे.

मला तू आठवतोस तो चुलीजवळच्या उंबऱ्यावर बसलेला. मी भाकरी थापते आहे, तुझ्या मांडीवर पुस्तक आहे, आणि मधेच तू न बघता हात पुढे करतोस. मग मी पिठाचे हात परकराला पुसते आणि तुझी लाल पेन्सिल विळीच्या पात्यावर तासून देते. तुझी रीतच होती ती. बायबलातली एखादी ओळ जिवाला लागली की तिच्याखाली लाल रेघ. इतक्या रेघा झाल्या होत्या की मी म्हणायची, "बा, न लागलेल्या ओळीच सांग, त्या कमी असतीन." तू हसायचास आणि ती ओळ मोठ्यानं वाचून दाखवायचास, पण कधी एकटी नाही, मागचं-पुढचं धरून. "सुटं कणीस कोन्या वावरातलं हाये, कोन सांगन?" असं तुझं म्हणणं.

तू मिशनचा प्रचारक, आणि मशिदीत मौलवीसाहेब. तुम्हा दोघांची हिवाळ्यातली बहस म्हणजे आमच्या मोताळ्याकडच्या गावाला फुकटची करमणूक. ज्वारी खळ्यावरून घरात आली की एका बाजाराच्या दिवशी, दुकानं उठता उठता, निंबाखाली सतरंज्या पडायच्या. एका अंगाला आपली मंडळी, दुसऱ्या अंगाला त्यांची, आणि मध्ये बाकी सारं गाव मिरचीची भजी खात. तुमचा नियम मात्र कडक. ज्यानं त्यानं दुसऱ्याच्या पुस्तकातून बोलायचं, आणि चुकलं तर ज्याचं पुस्तक त्यानं टोकायचं. म्हणून मौलवीसाहेब मराठी शुभवर्तमान घोकत. तुझं लहानपण मोगलाईत, जालन्याकडच्या शाळेत गेलेलं, तुला उर्दू येत होती. म्हणून त्यांनी तुला आपल्या घरचं कुराण दिलं होतं, वर अरबी आणि खाली उर्दू अर्थ छापलेलं. देताना म्हणाले, "मास्तर, वरचं ते अल्लाचं, खालचं मानसाचं. भांडाचं असन तं खालच्यासंगं भांडा."

त्या वर्षी त्यांनी शुभवर्तमानातली कैवाऱ्याची ओळ काढली, माझ्यामागून दुसरा कैवारी येईल असं येशू कबूल करतो ती. तो कैवारी म्हणजे आमचे पैगंबर, असा त्यांचा अर्थ. तो पवित्र आत्मा, असा तुझा. ते म्हणाले, "तुमच्या जुन्या छापात एक शब्द, नव्या छापात दुसरा. गिऱ्हाईक पाहून भाव बदलता काय, मास्तर?" गाव हसलं, आपली मंडळी सतरंजीकडे बघायला लागली. तू म्हणालास, "अन् तुमचं वर अरबी एकच, पर खाली उर्दूवाले किती? एक म्हने अल्लानं ईसाले, म्हंजे आपल्या येशूले, मौत देल्ली, दुसरा म्हने तसंच उचलून घेतलं. हे पाहा, तुमच्याच किताबातून दाखवतो." आणि तू कुराण उघडून उंच धरलंस.

पानावर लाल रेघ होती. मला वाचता येत नसलं तरी लाल दिसतं. पेन्सिल मीच तासली होती. पुढे बसलेला बांगडीवाला ताडकन उठला. "अरे, किताबीवर रेघा ओढल्या यानं!" भज्यांचे कागद खाली पडले, माणसं उभी राहिली. तुला काही कळेचना. तू घाईघाईनं आपलं बायबल उघडून चौफेर फिरवायला लागलास. "अरे पाहा नं बाप्पा, माह्या पुस्तकाले बी असंच करतो मी! जीव लागला तिथंच रेघ मारतो!" कोण ऐकतंय? जे पुस्तक ते वजू केल्यावाचून, हातपाय धुतल्यावाचून हाती घेत नाहीत, कमरेच्या खाली ठेवत नाहीत, त्याच्यावर तू प्रेमानं पेन्सिल चालवली होतीस. मौलवीसाहेब उठले. तुझ्या हातातून कुराण घेतलं, डोळ्यांना लावलं, खांद्यावरच्या रुमालात बांधलं. मग तुझ्याकडे पाठ करून, तुझ्या आणि त्या माणसांच्या मधोमध उभे राहिले आणि मोठ्यानं म्हणाले, "मास्तर जितले. म्या हारलो. बहस खतम. आता ज्यानं त्यानं आपल्या घरी जा." बांगडीवाला चाचरला, "पर मौलवीसाहेब, तुमी तं..." "हारलो म्हनलं नं? हारल्या मानसाले आनखी काय विचारतं बे?" सगळे गपगुमान पांगले.

वस्तीतली माणसं संध्याकाळी झेंडूचा हार घेऊन आली, तेव्हा तू कधी नव्हे तो ओरडलास. "लाज वाटू द्या! त्यानं मले वाचवलं, अन् तुमी एक ओळ धरून नाचून राह्यले?" हार शेवटी आपल्या शेळीनं खाल्ला. सकाळी तू मला घेऊन त्यांच्या घरी गेलास. चपला काढून दारातच उभा राहिलास. त्यांची धाकटी लेक पाळण्यात किरकिरत होती. एका हातानं दोरी ओढता ओढता त्यांनी दुसऱ्या हातानं तेच कुराण पुन्हा तुझ्यापुढे केलं. "न्याचं तं न्या, मास्तर. पर पेन्सिल माह्यापाशी ठेवून जा." तू खिशातली पेन्सिल काढून दिलीस, आणि मग तुम्ही दोघं हसायला लागलात ते थांबेचनात. पुढे तू त्यांच्या पुस्तकात खुणेला कापसाच्या सुताचे धागे ठेवायचास. मौलवीसाहेबांनी ही गोष्ट नंतर कोणाला सांगितली नाही. घरातसुद्धा नाही. हे मला आत्ता कळलं, आणि कसं कळलं तेच तुला सांगायचं आहे.

यंदा चर्चमध्ये हंगामाची, नव्या पिकाबद्दल देवाचे आभार मानायची उपासना होती. नवे पाळक तरुण आहेत, हौशी आहेत. म्हणाले, "आजी, जुन्या काळचं काही सांगा." माईक दिसला की माझं गुडघ्याचं दुखणं पळतं. आधी भज्यांवरून हसवलं, मग तुझ्या मोगलाई उर्दूची नक्कल केली, आणि लोक रंगले तशी थेट तिथं जाऊन पोचले: साऱ्या बाजारासमोर मौलवी म्हणाले, मास्तर जितले, म्या हारलो. टाळ्या पडल्या. त्या घटकेला पुढचं आठवलं नाही, असं मला इथं म्हणायचं होतं. पण नात लिहिता लिहिता माझ्याकडे बघते आहे. आठवलं होतं, बा. रेघ सांगितली असती तर तुझी चूक सांगावी लागली असती, आणि टाळ्या थांबल्या असत्या. कोणीतरी ते मोबाइलात घेऊन सगळीकडे पाठवलं, वर लिहिलं, मौलवीनं हार मानली. खाली दोन्हीकडच्या पोरांनी एकमेकांच्या पुस्तकांबद्दल जे लिहिलं ते नातीनं मला वाचून दाखवलं नाही. "आजी, तुले वाचता येत नाई तेच बरं," एवढंच म्हणाली. तिनं भांडून ते काढायला लावलं, पण तोवर गावभर झालं होतं.

पाळण्यातली ती धाकटी आता स्वतः आजी आहे, आमच्यापासून दोन गल्ल्यांवर राहते. दर ईदला शिरखुर्म्याची वाटी घेऊन ती येते, दर नाताळला मी करंज्या घेऊन जाते, आणि दोघी एकमेकींच्या हाताला नावं ठेवतो. यंदाही आली. मी म्हटलं, "काय व, औंदा काजू दिसत नाई? सुनेनं कपाटात ठेवले काय?" एरवी तिनं मला दोन ऐकवल्या असत्या. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, "आपा, मोबाइलात पाह्यलं म्या. अब्बानं आमाले कधी सांगितलंच नाई. ते खरंच हारले होते काय?"

तिच्या डोळ्यांत राग असता तर मी निभावलं असतं. ती नुसती विचारत होती. अख्खी गोष्ट माझ्या पोटात होती, चहाला उकळी येईपर्यंत सांगून झाली असती. मागचं आणि पुढचं, एवढंच तर सांगायचं होतं. आणि मी म्हणाले, "हाव. पर लय दिलानं हारले." तिनं मान हलवली. चहा पूर्ण प्यायली, कपबशी विसळून ठेवली, आणि "येते आपा" म्हणून गेली. तुला वाचवायला त्या माणसानं जे शब्द टाकले, तेच उचलून मी त्याच्या लेकीला मारले.

नात आता पेन खाली ठेवून म्हणते, "आजी, हे पणजोबाले सांगून काय फायदा? दोन गल्ल्या जाय नं." तिला काय ठाऊक, मेलेल्या माणसाला सांगणं किती सोपं असतं, तो चहा पीत समोर बसत नाही. मी तिला म्हटलं, कागदाची घडी कर आणि डाळीच्या डब्याखाली ठेवून दे, टपालवाल्याला तुझा पत्ता थोडाच ठाऊक आहे.

ईदची ती वाटी अजून माझ्या ओट्यावर पालथी आहे. रिकामी वाटी परत देत नाहीत, काहीतरी गोड केलं की घेऊन जाईन, असं मी नातीला रोज सांगते. घरात गूळ आहे, बा. रवाही आहे.