कॉम्प्युटरमागची ऊब

अमरावती
१२ फेब्रुवारी २००६

प्रिय नबी,

"माह्या पोरीच्या हाताले माती लागू देनार नाई मी," असं तू म्हणाला होतास. वरूडच्या मळ्यात वाळलेली संत्र्याची झाडं तोडणं चाललं होतं. फलक जेमतेम बारा-तेरा वर्षांची, विहिरीच्या काठाशी उभी राहून बघत होती. ते तू मला उद्देशून बोललास, तिला की स्वतःलाच, हे मला अजून कळलेलं नाही. तू रागात नव्हतास एवढं मात्र नक्की. रागावलास की तू उर्दूत बोलतोस. अब्बांनी आपल्याला मराठी शाळेत घातलं, म्हणून मनातलं असेल ते दोघांचंही मराठीतच बाहेर येतं. तुझं वऱ्हाडीत आणि माझं हे असं, मास्तरणीच्या भाषेत.

परवा फोनवर तू विचारलंस, कॉम्प्युटर पुन्हा बंद पडला का, आणि मी तुझ्या गुडघ्याची चौकशी सुरू केली. तुला ते समजलं असणारच. "गेम खेळून राहिली असन ते," असं म्हणून तू फोन ठेवलास. परीक्षेत मार्क कमी पडले तर तिला माझ्याकडून काढून होस्टेलला टाकायचं तू ठरवलं आहेस, हेही मला ठाऊक आहे. तुझ्या जागी मीही काळजीत पडले असते. पोरीच्या इंजिनियरिंगसाठी घेतलेलं मशीन तू रिक्षात मांडीवर धरून माझ्या घरी आणलंस. प्रत्येक खड्ड्याला रिक्षावाल्याला दम देत होतास, आणि तो शेवटी म्हणाला की चाचा, आत बाळ आहे का. ते मशीन अर्ध्या तासात आपोआप बंद पडत असेल, तर बापाला संशय येणारच.

तर आधी त्या मशीनचं सांगते. डिसेंबरच्या थंडीत हे सुरू झालं. फलक अभ्यासाला बसायची, स्क्रीनवर तिच्या प्रोग्रॅमच्या ओळी चढायच्या आणि मध्येच सगळं काळं व्हायचं. लगेच सुरू केलं तर पाच मिनिटांत पुन्हा तेच. तासभर थांबलं तर नीट चालायचं. आधी आम्ही लोडशेडिंगला दोष दिला, मग व्होल्टेजला. मी यूपीएस आणला. वीज गेली की तो टिटवीसारखा ओरडायचा. पण वीज असतानाही कॉम्प्युटर बंद पडायचा तो पडायचाच. मग राजकमल चौकाजवळचा ओमप्रकाश आला. कॉम्प्युटर दुरुस्तीचं छोटं दुकान आहे त्याचं, माणूस हसरा. त्याने व्हायरस म्हणून सगळं पुसून नव्याने भरलं. नंतर आतली मेमरीची पट्टी काढून तिच्या पितळी टोकांवर खोडरबर घासला. शेवटी मशीन दुकानात नेऊन दोन दिवस सलग चालू ठेवलं. एकदाही बंद पडलं नाही. घरी आणलं आणि त्याच संध्याकाळी पुन्हा काळोख. ओमप्रकाश म्हणाला, "याले तुमच्या घरी करमत नाई, मॅडम."

तो गमतीने बोलला, पण मला ते लागलं. नबी, या घरात मी इतकी वर्षं एकटी राहिले. फलक आली तेव्हा कुठे रात्रीच्या भाकरी मोजून करायची सवय सुटली. तिलाच इथे करमत नसेल आणि ती बोलत नसेल, असं मनात आलं. ती जास्तच समजूतदार वागत होती. भाजी कोणती आवडते असं विचारलं तरी तुम्ही कराल ती, असं म्हणायची. अठरा वर्षांची मुलगी इतकी बिनतक्रार असू नये.

पण एक गोष्ट मला सुचली. दुकानात चालतं आणि घरी चालत नाही, तर बिघाड मशीनमध्ये नाहीच, आमच्याकडे आहे. मागच्या रविवारी फलक मैत्रिणीकडे गेली होती. मी कॉम्प्युटरचं टेबल कोपऱ्यातून ओढलं. म्हटलं, मागे जळमटं तरी किती साचलीत ते बघू. डब्याच्या पाठीला जो पंखा असतो, आतली गरम हवा बाहेर टाकणारा, त्याला अगदी चिकटून एक फळी होती आणि फळीवर दुधाच्या रिकाम्या पिशव्या दाटीवाटीने उभ्या होत्या. प्रत्येकीत काळी माती आणि प्रत्येक मातीत बोटभर उंचीचं हिरवं रोप. मी एक पान चुरडून वास घेतला. जंबेरी होती, तू संत्र्याचं कलम बांधतोस त्या खुंटाची.

मी तिथेच फरशीवर बसले. तुला आठवतं का, थंडीत जंबेरीचं बी लवकर रुजत नाही म्हणून तू ते ओल्या गोणपाटात गुंडाळून अम्मीच्या चुलीमागे लपवायचास. अम्मी ओरडायची, की स्वयंपाकघरात शेती करतोस काय. पुढे तुझी रोपवाटिका झाली, कलमाचे डोळे बांधायला लांबलांबचे लोक तुला बोलवायला लागले, तरी ती गोणपाटाची गोष्ट आपल्यातच राहिली. फलकला तू ती कधीच सांगितली नसणार. तू तिला रोपांच्या वाफ्यापाशी फिरकूच देत नव्हतास. तिने चूल स्वतःच शोधून काढली. आणि एका बियातून दोन-तीन कोंब येतात, त्यातले लेचेपेचे उपटून जोरकस तेवढे ठेवायचे, हेसुद्धा तिने अगदी तुझ्यासारखंच केलं होतं.

ती घरी आली तेव्हा पिशव्या मी ओट्यावर मांडून ठेवल्या होत्या. मला वाटलं रडेल. ती पिशव्यांकडे बघत राहिली आणि म्हणाली, "फुफी, एवढी गरम हवा फुकट चालली होती." मग आम्ही दोघी हसलो, बराच वेळ. गरम हवा अडल्यामुळे मशीन तापून बंद पडतं, हे तिला ठाऊक नव्हतं असं नाही. ती कॉम्प्युटरच शिकते. पण कोंब नुकते वर आले होते, थंडी सरेपर्यंत काढवत नव्हतं, एवढंच सांगितलं.

बी कुठलं ते ऐक. दिवाळीत ती तुझ्याकडे घरी आली होती आणि मळ्याच्या बांधावर, आपल्या धुऱ्यावर, फोटो काढायला म्हणून गेली होती. तिथे एक जंबेरीचं जुनं झाड आहे ना, बाग सगळी वाळली तरी उभं राहिलेलं. त्याची फळं तिने ओढणीत बांधून आणली. बोअर आटले, शेजारची झाडं गेली, मग हे एकच का जगलं, हे तिला मळा तोडला त्या दिवसापासून कळून घ्यायचं आहे. तू झाडं पाडत होतास तेव्हा ती विहिरीपाशी उभी राहून रडत होती, असं आपण समजत होतो. ती त्या एका झाडाकडे बघत होती.

रोपं आता गच्चीच्या कठड्याशी उन्हात आहेत. कॉम्प्युटर त्यानंतर एकदाही बंद पडलेला नाही. पोरगी रोज बसते, अभ्यास चांगला चालला आहे, मार्कही चांगले पडतील. तेव्हा त्या बाजूने तू निर्धास्त राहा. होस्टेलचं कारण तुला उरलेलं नाही.

पण एवढ्यासाठी मी चार पानं लिहिली नसती, ते तुला कळलंच असेल. अकोल्याच्या कृषी विद्यापीठात पुढल्या हंगामाचे प्रवेश जूनमध्ये सुरू होतील. फळझाडांचं शिक्षण तिथे मिळतं, आणि फलकला तेच शिकायचं आहे. मी तिला नेऊ शकते, दोन तासांची तर बस आहे. पण ती माझ्यासोबत यायला तयार नाही. अब्बू नेतील तर जाईन, म्हणते. नेणार नसतील तर इंजिनियर होईन आणि कधी बोलून दाखवणार नाही. ती तुझी मुलगी आहे, म्हटलेलं खरं करेल, आणि मला भीती त्याचीच आहे. तू घाबरतोस ते मला समजतं. मळा कसा गेला ते मीही पाहिलं आहे, आणि आता पाणी मुबलक आहे असं खोटं मी तुला सांगणार नाही. हे वाचून तू पत्राची घडी घालशील, आणि पुढच्या फोनवर कॉम्प्युटर कसा आहे तेवढंच विचारशील. तरीही मागते, नबी. जूनमध्ये तिला अकोल्याला तू घेऊन जा.

तुझीच,
नईमा आपा