आप्पांचं जेवण होईपर्यंत

२ एप्रिल, बुधवार

नवऱ्याचं डोकं फिरलंय! कापूरहोळच्या गॅरेजात दिवसभर भंगार बघून बघून डोक्यातही तेच साठलं असणार. काल देवळात जत्रेची मीटिंग होती. तिथं उठून गोरख म्हणाला — (तोंडावर 'अहो', वहीत मात्र गोरखच) — यंदा बैलगाड्यांऐवजी मोटारींची शर्यत ठेवू. भंगारातल्या मोटारींची! काचा काढायच्या, दारं वेल्डिंगनं बंद करायची आणि माळावर गोल गोल पळवायच्या. एकमेकींना धडकल्या तरी चालतंय. जी शेवटपर्यंत सुरू राहील तिचा पहिला नंबर.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. हवालदार आले होते, त्यांनीपण वाजवल्या. मी बायकांच्या बाजूनं विचारलं, "डायवरला हेल्मेट दिलं. बघणाऱ्यांचं काय?"

मग हवालदार म्हणाले, "वहिनींनी मुद्द्याचं विचारलं." झालं! ज्यानं विचारलं त्याच्याच गळ्यात. मी आता प्रेक्षक सुरक्षा प्रमुख. हवालदारांनी वर बजावलं — एक जरी माणूस गाडीखाली आला तरी गोरख आत जाणार. गोरखला त्याचं काही नाही. माझ्याकडे बघून हसत होता, बायको आहे ना निस्तरायला!

३ एप्रिल

बॅज मिळाला. कुणाच्या तरी लग्नातला उरलेला. लाल फूल आहे, खाली 'वरपक्ष' लिहिलंय. गोरख म्हणतो, उलटा लाव.

६ एप्रिल, रविवार

आज माळावर गाड्यांची चाचणी होती. मी पहाटे उठून, पोतंभर चुना ओतून माळाभोवती गोल रेघ मारली. लाऊडस्पीकरवर तीन-चारदा सांगितलं — रेघेच्या बाहेर उभे राहा. सगळे आले आणि बरोब्बर रेघेवर उभे राहिले. पायाखाली रेघ गेली म्हटल्यावर मग आत आणि बाहेर कोण बघतंय!

आमच्याकडे शर्यत लांबून बघायची पद्धतच नाही. बैलगाड्यांना माणसं शर्यतीच्या वाटेच्या मधोमध उभी राहतात. बैल आले की दोन्हीकडे पांगायचं, बैल गेले की पुन्हा जागेवर. जो शेवटच्या क्षणी बाजूला होतो तो खरा शौकीन. आज मोटारींनाही तेच केलं. धनाजीची निळी मारुती खडखडत आली, माणसं फाकली, गाडी गेली, माणसं पुन्हा गोळा. वर त्याच्या गाडीत दोन मुठी गुलाल! काच नाही म्हटल्यावर गुलाल थेट डोळ्यांत. पुढचा अर्धा फेरा धनाजी डोळे मिटून चालवत होता. लोकांना वाटलं, काय हिंमत आहे!

आणि सगळ्यांच्या मधोमध, तंबाखू मळत — आमचे सासरे. गेनू आप्पा. ज्यांच्या गुडघ्यावरून याच माळावर बैलगाडीचं चाक गेलेलं आहे, ते!

कमी ऐकू येतं, कमी दिसतं, म्हणून हाका न मारता हाताला धरून बाहेर आणलं. चिडले. "आगं, मानूस बघून बैल वळतो. लई बघितल्यात म्या."

"आप्पा, धनाजीची गाडी वळत नाही. धनाजीच सांगतो, ती डावीकडं वळतच नाही."

"मग म्या उजवीकडं व्हतो की!"



८ एप्रिल

दोर बांधला. बांबू रोवून, सगळ्या माळाला. दुपारी बघायला गेले तर धनगरवाड्यावरच्या ठकुबाईनं त्याला शेरडं बांधलेली. एका बाजूला कुणाची तरी गोधडी वाळत घातलेली. ठकुबाई म्हणाली, "लई ब्येस सोय केलीस गं." संध्याकाळपर्यंत शेरडांनी अर्धे बांबू उपटले.

९ एप्रिल

आज लिहायचं नव्हतं, पण राग आलाय. आप्पांचं जेवण!

दात नाहीत, मान्य. पण भात कालवायलाच केवढा वेळ. मग ताक, मग एक घास, मग एखादी जुनी गोष्ट, त्या गोष्टीतल्या माणसाचं गाव, त्या गावातल्या विहिरीचं पाणी, मग दुसरा घास. शीत सांडलं तर तेही वेचून खाणार. आणि घरचा नियम — आप्पा उठल्याशिवाय पंगतीतून कुणी उठायचं नाही. सगळे खरकट्या हातानं बसून राहतात. हात वाळून चुन्यासारखे होतात! मी वाढायला उभी. सगळे उठल्यावर मी बसणार, तोवर भाकरी वातड, आमटी गार. लग्न होऊन आले तेव्हापासून गरम जेवण माहीत नाही मला. माहेरी गेले की आधी चुलीपुढं बसते आणि तव्यावरचं खाते.

११ एप्रिल, शुक्रवार

सापडलं! सापडलं!!

आज पालीला लग्न होतं, भावकीतलं. आम्ही वीसेक जण टेम्पोतून गेलो. जेवायला बसलो — लग्नात मीसुद्धा पंगतीत बसते, हे एक बरं — आणि टेम्पोवाला हॉर्न वाजवायला लागला. त्याला दुसरं भाडं होतं. हॉर्नवर हॉर्न. मग येऊन हात जोडले. मग शिव्या दिल्या. पंगतीतला एक माणूस हलला नाही. का? आप्पांचा ताक-भातच चालला होता! नवरामुलगा येऊन पाया पडून गेला, वाढपी दुसऱ्या पंगतीसाठी खोळंबले, शेवटी टेम्पो रिकामा निघून गेला. तरी सगळे ढिम्म बसून.

मी आप्पांच्या गालाकडं बघत होते. हळूहळू हलणारा गाल. आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. चुन्याच्या रेघेला कुणी जुमानलं नाही, दोराला नाही, हवालदारांच्या शिट्टीलाही नाही. पण हे! मांडी घालून बसलेला, पुढ्यात पत्रावळ असलेला माणूस वडीलधारं उठेपर्यंत जागचा हलत नाही. तसाही जत्रेला महाप्रसाद असतोच. मग शर्यतीच्या वेळीच पंगत बसवायची. माळाच्या कडेला मातीचा बांध आहे, त्याच्या पलीकडे, माळाकडं तोंड करून. आणि पंगतीच्या मुंडाला, पहिल्या पानावर, आप्पा!

१२ एप्रिल

गोरखला सांगितलं. हसून हसून लोळला. मग एकदम गंभीर झाला आणि म्हणाला, "आप्पांचं जेवण शर्यतीपेक्षा आधी संपलं तर?"

मी नुसतं बघितलं त्याच्याकडं. स्वतःच म्हणाला, "हां, ते न्हाई व्हायचं."

१६ एप्रिल

आप्पांना विचारलं. वाटलं होतं भडकतील. माळावर उभं न राहता जेवत बसायचं म्हणजे त्यांना केवढा कमीपणा! पण मी म्हटलं, आप्पा, गर्दी तुमच्याशिवाय कुणाला ऐकायची नाही. ऐकून ताठ बसले. "म्हंजी म्या उठायचं न्हाई, एवढंच ना?"

"एवढंच."

"आन वाढनार काय?"

"लापशी, आमटी, भात. ताक वेगळं तुमच्यासाठी."

"मग मोटारी संपतील, माजा भात न्हाई," म्हणाले. किती खूश झाले होते!

१९ एप्रिल

वाढप्यांना बजावलं — आप्पांचं पान रिकामं दिसता कामा नये. बॅज इस्त्री केला. 'वरपक्ष' सुलटाच लावणार. पंगत आहे, शोभेल.

२० एप्रिल, रविवार. जत्रा

अक्षर वेडंवाकडं येतंय, येऊ दे.

सुरुवात इतकी छान झाली! अख्खी वाडी, पाहुणेरावळे, शिवऱ्याची माणसं, धनगरवाड्यावरची माणसं, सगळी बांधापलीकडं रांगेत बसली. आप्पा मुंडाला, नवा फेटा बांधून. हवालदारांनाही बसवलं. त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. श्लोक झाला, आप्पांनी पहिला घास घेतला आणि गोरखनं झेंडा पाडला. आठ मोटारी सुटल्या. धूळ, धूर, पत्र्याचा आवाज! लोकांनी एका हातानं पत्रावळीवर पदर, टॉवेल, जे मिळेल ते धरलं आणि दुसऱ्या हातानं जेवले. आरडाओरडा बसूनच. दोन गाड्या धडकल्या तेव्हा सगळी पंगत ढुंगणावर उड्या मारत होती, पण उठलं कुणी नाही. एकसुद्धा नाही! गुलाल टाकायला धावलेल्या एकाला त्याच्या चुलत्यानं धोतर धरून खाली बसवलं — "आप्पांचं व्हायचंय की!" मी रांगेमागून फिरत होते. छाती अशी फुगली होती.

मग धनाजीच्या गाडीचं स्टिअरिंग हातात आलं. खरंच हातात. त्यानं ते बाहेर काढून आम्हाला दाखवलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

बांधाला एका जागी ठकुबाईच्या शेरडांनी वाट पाडलेली आहे. मला ती माहीत होती. रोज बघते मी ती वाट. गाडी बरोब्बर तिथून आत आली. फार जोरात नव्हती, पण थांबतही नव्हती. धनाजी ओरडत होता, "बिरेक न्हाई! बिरेक न्हाई!" डावीकडं तर ती वळतच नाही, आणि आता उजवीकडंही नाही.

मी किंचाळले — उठा! उठा! पळा!

कुणी उठलं नाही.

देवाशपथ, कुणी उठलं नाही! सगळ्यांना गाडी दिसत होती. सगळ्यांनी आधी गाडीकडं बघितलं आणि मग माना वळवून आप्पांकडं. हवालदारांनीसुद्धा! एक बाई पोराला पोटाशी धरून, डोळे गच्च मिटून बसली, पण बसलीच. मी एकाचं बखोट धरून ओढलं तर मला म्हणतो, "वहिनी, आप्पा जेवतायत."

आप्पांचा हात तोंडाजवळ होता. ताक-भाताचा घास. त्यांनी गाडी बघितली, रांग बघितली. या घराच्या उंबऱ्यातून आत आल्यापासून मी त्यांना अन्न टाकताना बघितलं नव्हतं. शीतही नाही. त्यांनी तो घास पत्रावळीत टाकला आणि त्या मोडक्या गुडघ्यावर, कशाचा आधार न घेता, ताडकन उभे राहिले.

"उठा रं!"

सगळी पंगत एका झटक्यात उठली. बायका, पोरं, म्हातारी, सगळी मागं सरली. गाडी पत्रावळ्यांवरून गेली, इकडून तिकडून, सगळा भात तुडवत, आणि आमटीच्या हंड्याला धडकून थांबली. धनाजी डोक्यापासून आमटीनं न्हाला. दारं वेल्डिंगची, त्यामुळे बाहेर येता येईना. आतूनच म्हणाला, "कुनाला लागलं का?"

कुणालाच नाही. कुणालाच लागलं नाही!

मग सगळे इतके हसले! हवालदार हसले, गोरख रडत रडत हसला. आमटीतल्या मारुतीला पहिला नंबर दिला, कारण इंजिन अजून सुरू होतं. मीही हसले. नंतर हंड्यामागं जाऊन बसले आणि तुडवलेल्या पत्रावळी मोजत राहिले. माणसांना मीच तिथं खिळवून ठेवलं होतं. आप्पांना एवढं कमी ऐकू येतं, कमी दिसतं. त्यांनी मान वर केली नसती तर?

२१ एप्रिल

सगळीकडं माझं कौतुक. पुढच्या वर्षीही पंगत ठेवायची म्हणे! बॅज चुलीत घातला. प्लॅस्टिकचा होता, फार घाण वास आला.

२३ एप्रिल, बुधवार

आप्पांना काहीतरी झालंय. काल पाच मिनिटांत जेवून उठले. मुलं बघतच राहिली. गोरख तर खूश, लवकर गॅरेजला जाता आलं. आज तर ताट घेऊन ओट्यावर गेले, एकटेच. ताक नको, गोष्ट नाही. अर्धं पान तसंच ठेवलं.

मी विचारलं, दुखतंय का काही?

"न्हाई." मग ताट बाजूला सारून म्हणाले, "म्या बसलो म्हनून समदी बसली. ठकुबाईचा नातू व्हता त्यात. आता माज्यासाटी कुनी थांबायचं न्हाई."

"आप्पा, मीच सांगितलं होतं बसायला."

"जेवत तर म्या व्हतो."

आज मी गरम भाकरी खाल्ली. सगळे लवकर उठले ना! तव्यावरची, फुगलेली. अर्धी तशीच ठेवली.

२६ एप्रिल, शनिवार

दुपारी आप्पा ताट घेऊन ओट्यावर निघाले. मी म्हटलं, हितंच बसा. आणि त्यांच्या शेजारी माझंही ताट वाढून घेतलं. घरात पहिल्यांदाच. गोरखनं भुवया उडवल्या.

आप्पांनी चार घास भराभर गिळले आणि गुडघ्यावर हात टेकून उठायला लागले.

"बसा आप्पा," मी म्हटलं. "माझं व्हायचंय अजून."

त्यांनी माझ्या ताटाकडं बघितलं. ताटात कढीपत्त्याचं एकच पान उरलं होतं. मी ते इकडून तिकडं सरकवत बसले.

आप्पा पुन्हा टेकले. म्हणाले, "मग वाईच भात वाढ."